पिसाळलेल्या श्वानाविषयीचा एक नियम आणि त्यातील मौन

शासकीय नियमांच्या मजकुराची समीक्षा करण्याची आपल्याकडे फारशी प्रथा नाही. नियम पाळावयाचे वा मोडावयाचे असतात, वाचावयाचे नसतात, अशीच बहुधा आपली समजूत असते. परंतु नियम झाला तरी तो अखेर वाक्यांचाच बनलेला असतो. त्या वाक्यांना हेतू असतो, आणि हेतू व शब्द ह्यांच्यामध्ये पुष्कळदा अंतर पडते. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली काढलेल्या प्राणी जन्मनियंत्रण (श्वान) नियम, २००१ ह्यांतील दहाव्या नियमाचा विचार येथे ह्या दृष्टीने करावयाचा आहे. २०२३ च्या नव्या नियमांनी ते नियम मागे सारले. पण प्रस्तुत तरतुदीचा गाभा, म्हणजे पिसाळल्याचा दाट संशय असलेल्या श्वानास नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत अलग ठेवणे, नव्या नियमांतही कायम राहिला आहे. तेव्हा हा विचार केवळ ऐतिहासिक नव्हे.

दहाव्या नियमाचा आशय थोडक्यात असा. तक्रार आली की स्थानिक संस्थेच्या पथकाने संशयित श्वान पकडावे, कोंडवाड्यात वेगळे ठेवावे, एक पशुवैद्य व प्राणिकल्याण संस्थेचा एक प्रतिनिधी ह्यांनी ते तपासावे, आणि रोगाचा संभव अधिक वाटल्यास ते आपोआप मरेपर्यंत थांबावे. नियमकर्त्याने पुढे कारणही दिले आहे: रोग जडल्यापासून साधारणपणे दहा दिवसांत मृत्यू येतो, आणि अशा श्वानास अकाली मारल्याने रोगाचे खरे प्रमाण कळत नाही. आज्ञा देता देता कारण सांगणारा नियम विरळाच, आणि त्याबद्दल नियमकर्त्यास श्रेय दिले पाहिजे. मात्र एकदा कारण सांगितले की ते तपासून पाहण्याचा अधिकार वाचकास प्राप्त होतो.

पहिली चूक ‘रोग जडल्यापासून’ ह्या शब्दांत आहे. विषाणूने शरीरात शिरकाव केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा परिपाककाल श्वानात आठवड्यांचा, कधी कित्येक महिन्यांचा असतो. दहा दिवसांचे गणित त्या क्षणापासून सुरू होतच नाही. लाळेतून विषाणू बाहेर पडू लागतो तो लक्षणांच्या थोडे दिवस आधी, आणि तेथून पुढे ते जनावर दहा दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. म्हणूनच चावलेले श्वान दहा दिवस जिवंत व धडधाकट राहिले, तर चावते वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते. नियमातील वाक्य अक्षरशः घेणारा शेतकरी मात्र निराळाच निष्कर्ष काढील. पिसाळलेल्या कुत्र्याने आपल्या कुत्र्यास फाडले त्यास बारा दिवस झाले, म्हणजे धोका टळला, असे तो समजेल. आणि ते कुत्रे दोन महिन्यांनी त्याच्याच मुलास चावेल. एका शब्दाच्या शिथिलतेची किंमत इतकी असू शकते.

दुसरा दोष सूक्ष्म आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक महत्त्वाचा. अकाली मारल्याने सत्य झाकले जाते हे विधान एके काळी बरेचसे खरे होते. इटालियन शास्त्रज्ञ आदेल्की नेग्री ह्याने १९०३ मध्ये रोगी जनावरांच्या मेंदूतील पेशींत जे पिंड दाखवून दिले, त्यांवरच पुढे अर्धशतकभर निदान अवलंबून होते. हे नेग्री पिंड रोग पूर्ण भरास गेल्यावर अधिक ठळक होतात. जनावर आरंभीच मारले तर ते न सापडण्याचा संभव मोठा. १९५८ मध्ये गोल्डवॉसर व किसलिंग ह्यांनी फ्लुओरेसंट अँटिबॉडी परीक्षा मेंदूच्या ऊतकास लावून दाखविली आणि ही अडचण बहुतांशी संपली. लक्षणे दिसू लागलेल्या जनावराच्या मेंदूत, ते मारलेले असो वा मेलेले, विषाणूचे प्रतिजन ह्या परीक्षेने विश्वसनीयपणे सापडतात. म्हणजे २००१ चा नियम १९५८ पूर्वीच्या ज्ञानावर उभा आहे. सत्य झाकले जाते ते मृत्यू लवकर आल्यामुळे नव्हे, तर लाठीने डोके फुटल्यामुळे, मेंदू उन्हात सडल्यामुळे, आणि सर्वांत अधिक म्हणजे तो कोणाकडेच न पाठविल्यामुळे.

आणि नेमके ह्याच ठिकाणी दहावा नियम थांबतो. श्वान मेले, पुढे काय? अकराव्या नियमात दयामरण दिलेल्या श्वानांची कलेवरे भट्टीत जाळण्याची तजवीज आहे. परंतु ज्याच्या मरणाची वाट पाहण्यास सांगितले, त्याचा मेंदू परीक्षेस धाडावा असे शब्द कोठेही आढळत नाहीत. रोगाचे खरे प्रमाण कळावे ही आकांक्षा उच्चारून, ते कळण्याचे एकमेव साधन अनुच्चारित ठेवणे, ह्यास मौन म्हणावे की विस्मरण?

हे मौन कोठे जाणवते, ते पाहावयाचे तर गोंदिया जिल्ह्यासारखा प्रदेश घ्यावा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, बालाघाट व छत्तीसगड ह्यांच्या सीमेवर आहे. नियमातील पथक, कोंडवाडा, अलग कक्ष ह्या साऱ्या कल्पना नगरपालिकेच्या आहेत. गोंदिया शहरात त्या काही प्रमाणात तरी कल्पिता येतात. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील जंगलालगतच्या एखाद्या टोल्यावर पथक कोठून येणार? तेथे पिसाळलेले कुत्रे संध्याकाळपर्यंत काठ्यांनी मारले जाते आणि धानाच्या बांधीच्या कडेस पुरले जाते. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. दोन मुले चावली गेली असताना दहा दिवस वाट पाहा असे त्यांना सांगणारा माणूस तेथे टिकणारही नाही. प्रश्न एवढाच की ते डोके पुरण्याऐवजी हातमोजे घालून, दोन पिशव्यांत बांधून, बर्फाच्या पेटीत ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवा, असे सांगणारे एखादे वाक्य त्यांच्यापर्यंत कधी गेले आहे काय?

ह्यावर असा आक्षेप येईल की हे काम धोक्याचे आहे. आहेच. कुऱ्हाडीने कवटी फोडणे हा तर निव्वळ अविचार. म्हणूनच मेंदू काढण्याचे काम आगाऊ प्रतिबंधक लस घेतलेल्या व्यक्तीनेच करावयाचे. परंतु कवटी न उघडताही, मज्जारज्जू जेथून बाहेर पडतो त्या मागील छिद्रातून नळी घालून परीक्षेस पुरेसा नमुना काढता येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ही रीत मान्य केलेली आहे. निदानास हवे असतात ते मस्तिष्कस्तंभ व लहान मेंदू ह्यांचे तुकडे. ते बर्फावर ठेवावे, बर्फ न मिळाल्यास निम्मे ग्लिसरीन असलेल्या क्षारद्रावात. फॉर्मॅलिनमध्ये बुडविल्यास नेहमीच्या फ्लुओरेसंट परीक्षेस ते निरुपयोगी होतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना नागपूरही दूर वाटते, मग पुणे आठशेहून अधिक किलोमीटरांवर आणि जागतिक प्राणिस्वास्थ्य संघटनेची संदर्भ-प्रयोगशाळा बंगळूरच्या हेब्बाळ भागात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उत्तर येईपर्यंत दंश झालेल्याचे काय? त्याने उत्तराची वाट मुळीच पाहावयाची नाही. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, लस, आणि जखम खोल असल्यास इम्युनोग्लोब्युलिन, हे त्याच दिवशी. मग परीक्षेचा उपयोग कोणास? जो दवाखान्यात आलाच नाही, त्यास. त्या कुत्र्याने ज्याचा हात चाटला, ज्याला नुसता ओरखडा काढला आणि ज्याने तो हळद लावून विसरून टाकला, त्याच्या दारी आरोग्यसेविकेने जाण्यास प्रयोगशाळेचे होकारार्थी उत्तर हे सर्वांत सबळ कारण होय. त्या उत्तरावाचून नोंदवहीत ‘संशयित’ एवढाच शब्द राहतो, आणि संशयासाठी कोणी घरोघर फिरत नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत श्वानजन्य रेबीजचे उच्चाटन करण्याचा संकल्प आहे. ‘संशयित’ ह्या शब्दाच्या बेरजेवरून उच्चाटन झाले की नाही हे ठरविता येणार नाही.

दहाव्या नियमाच्या अखेरीस ‘अशा श्वानाचे डोके अखंड राखून परीक्षेस पाठवावे व उत्तर संबंधित आरोग्य केंद्रास कळवावे’ इतके शब्द घातले असते, तर नियमकर्त्याचा स्वतःचाच हेतू पुरा झाला असता.

एक गोष्ट राहिली. नियम श्वानापुरताच आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अलर्कविषाचे वर्णन आले आहे, त्यात श्वानाबरोबर कोल्हा, तरस, अस्वल व वाघ ह्यांचीही गणना आहे; नवेगाव-नागझिऱ्याच्या भोवती राहणाऱ्यास ती यादी आपल्याच शिवाराची वाटेल. पिसाळलेली गाय कधी केवळ घास अडकल्यासारखी लाळ गाळीत उभी राहते आणि मालक तिच्या घशात हात घालतो. २००९ च्या सांसर्गिक प्राणिरोग अधिनियमाने अशा जनावराची खबर देणे मालकास बंधनकारक केले आहे, म्हणजे निदान गाय तरी शब्दांच्या कक्षेत येते. बांधीत मरून पडलेल्या कोल्ह्याचे डोके कोणी, वन विभागाच्या कोणत्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि कशात घालून पाठवावयाचे, ह्याचे उत्तर मात्र हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले तरी मिळत नाही.