वळिवड्याची छावणी : आपण अर्धीच गोष्ट का सांगतो?

मंडळी, लग्नसराई आली की आपल्या बावड्यातली माणसं बस्ता बांधायला गांधीनगरला जातात. तिथंच, तेव्हाच्या वळिवड्याच्या माळावर, 1943 ते 1948 या काळात पोलंडचे सुमारे 5,000 लोक राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, स्काउट पथक, सगळं होतं. कोल्हापुरात ही गोष्ट आता पुष्कळ सांगितली जाते. आमची तक्रार आहे ती सांगण्याच्या पद्धतीबद्दल.

'कोल्हापूरनं आसरा दिला,' असं आपण म्हणतो. बरोबर आहे. पण कुणापासून? विचारून बघा, दहातले आठ जण म्हणतील, हिटलरपासून. इथंच गफलत होते. ही माणसं मुख्यतः पूर्व पोलंडची. 17 सप्टेंबर 1939 ला तिथं सोव्हिएत फौजा शिरल्या आणि फेब्रुवारी 1940 पासून कुटुंबंच्या कुटुंबं मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेली गेली. थंडी, उपासमार, रोगराई, सक्तीची मजुरी. पुढं हिटलरनं रशियावरच चाल केली, स्टालिनला मित्र हवेसे झाले, म्हणून 1941 च्या करारानं यांची सुटका झाली. त्या सुटकेचं कागदोपत्री नाव काय? 'माफी'! आता माफी म्हटली की आधी गुन्हा लागतो. यांचा गुन्हा कोणता? पोलिश असणं. न्यायाची कल्पना शिकवण्यात आमची हयात गेली, पण एका शब्दात तिची एवढी विटंबना आम्ही क्वचितच पाहिली.

छावणीत बायका-मुलंच जास्त का, याचं उत्तरही त्यातच आहे. पुरुष कुणी जनरल अँडर्सच्या सैन्यात, कुणी रशियातच मातीत गेलेले. 1940 मध्येच कातिन व इतरत्र सुमारे 22,000 पोलिश कैदी, त्यांत बरेच सैन्याधिकारी, गोळ्या घालून मारले गेले. मॉस्कोनं हे कबूल केलं 1990 मध्ये.

हे आपल्याकडं का बोललं गेलं नाही? आमच्या पिढीला, स्पष्टच सांगतो, आम्हालाही, सोव्हिएत रशियाचं मोठं अप्रूप. महावीर उद्यानातल्या स्मारकापाशी विद्यार्थ्यांना नेऊन आम्ही वर्षानुवर्षं युद्धाची सर्वसाधारण भीषणता सांगितली. 'युद्धामुळं आले' असं म्हटलं की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. ती आमची पळवाट होती.

दुसरी अतिशयोक्ती दातृत्वाची. 1943 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर बालराजे होते, कारभार रीजन्सीकडं, आणि वर इंग्रज. छावणीचा खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारनं उचलला. त्या सरकारची मान्यताच ब्रिटननं जुलै 1945 मध्ये काढून घेतली, तेव्हा या लोकांना परत जायला देश होता, पण तो आता त्यांचा नव्हता. गाव सुद्धा सोव्हिएत हद्दीत गेलेलं. इथल्या सामान्य माणसांनी त्यांच्याशी आपुलकीनं वागणं, ही खरी कमाई. तिला राजदरबारी मुलामा कशाला हवा?

आणखी एक. पोलिश गेले, त्याच बराकींत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले, आणि वळिवड्याच्या माळाचं गांधीनगर झालं. एकाच छपराखाली दोन निर्वासनं. पहिल्या निर्वासनाचं स्मारक आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याबद्दल, बस्ता बांधताना, गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या शेठजींना कुणी कधी विचारलंय का?