जोडी-प्रोग्रॅमिंग आणि प्रारंभिक संगणक-शिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी मोठा वर्ग प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच विषयात अडखळतो. वॉटसन व ली यांनी २०१४ मध्ये पंधरा देशांतील १६१ प्रारंभिक अभ्यासक्रमांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा उत्तीर्णतेचे सरासरी प्रमाण सुमारे ६८ टक्के आढळले. म्हणजे साधारणपणे तिघांपैकी एक विद्यार्थी मागे राहतो. या समस्येवर सुचविल्या गेलेल्या उपायांमध्ये जोडी-प्रोग्रॅमिंगचे स्थान महत्त्वाचे आहे. या पद्धतीचे यश बहुधा जोडीने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या गुणवत्तेवरून मोजले जाते. तथापि शिक्षणाचे साध्य प्रोग्रॅम हे नसून विद्यार्थी हे आहे. हा भेद लक्षात घेऊन सदर पद्धतीच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या पुराव्यांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना व उगम :

जोडी-प्रोग्रॅमिंगमध्ये दोन व्यक्ती एकाच संगणकासमोर बसून एकच प्रोग्रॅम लिहितात. एकाच्या हाती कळफलक असतो, तो चालक. दुसरा प्रत्येक ओळ तपासतो, पुढील पायरीचा विचार करतो व शंका उपस्थित करतो, तो दिशादर्शक. ठराविक वेळाने दोघे भूमिका बदलतात. ही प्रथा व्यावसायिक क्षेत्रातून आली. केंट बेक यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग एक्सप्लेन्ड’ या ग्रंथाने तिला व्यापक प्रसिद्धी मिळवून दिली.

याच सुमारास अमेरिकेतील युटा विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी केलेला प्रयोग पुढे वारंवार उद्धृत झाला. त्यात ४१ विद्यार्थी होते. १३ जणांनी एकट्याने, तर २८ जणांनी जोडीने काम केले. जोड्यांना एकूण मनुष्यवेळ सुमारे १५ टक्के अधिक लागला, परंतु त्यांच्या प्रोग्रॅममधील दोषही सुमारे १५ टक्के कमी होते. हा निष्कर्ष नवशिक्यांच्या वर्गाला लावताना एक बाब दुर्लक्षिली जाते. ते विद्यार्थी पदवीच्या वरच्या वर्गातील होते आणि त्यांना प्रोग्रॅमिंग येत होते. ज्यांना पोहता येते अशा दोघांनी मिळून नदी पार करणे वेगळे आणि पाण्यात प्रथमच उतरणाऱ्या दोघांनी एकमेकांचा हात धरणे वेगळे.

सांताक्रूझ येथील अभ्यास :

नवशिक्यांविषयीचा अधिक प्रस्तुत पुरावा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतून मिळतो. मॅकडॉवेल, वर्नर, बुलक व फर्नाल्ड यांनी तेथील प्रारंभिक अभ्यासक्रमाच्या पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००२ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाले व २००६ मध्ये त्यांची एकत्रित मांडणी झाली. जोडीने काम करणाऱ्यांपैकी सुमारे ९१ टक्के विद्यार्थी अंतिम परीक्षेपर्यंत टिकले, तर एकट्याने काम करणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के. जोड्यांचे प्रोग्रॅम अधिक चांगले होते आणि आपल्या उत्तराविषयी त्यांना अधिक खात्री वाटत होती. मात्र प्रत्येकाने स्वतंत्रपणे दिलेल्या अंतिम परीक्षेच्या गुणांत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.

या शेवटच्या निष्कर्षाचे दोन अर्थ संभवतात. पहिला असा की, जोडीने लिहिलेला प्रोग्रॅम सरस असला तरी त्यामुळे प्रत्येकाचे ज्ञान वाढत नाही. दुसरा अर्थ अधिक सूक्ष्म आहे. एकट्याने काम करणाऱ्या गटातून दुबळे विद्यार्थी परीक्षेपूर्वीच गळाले होते. जोडीच्या गटात त्यांतील बरेच जण टिकून परीक्षेला बसले. तरीही सरासरी खाली आली नाही, ही गोष्ट या पद्धतीच्या बाजूने जाते. शिवाय पुढचा अभ्यासक्रम, जेथे स्वतंत्रपणे काम करावे लागत होते, तेथेही जोडीने शिकलेले विद्यार्थी मागे पडले नाहीत. परंतु गट पाडताना विभागणी विद्यार्थीनिहाय चिठ्ठ्या टाकून नव्हे, तर तुकडीनिहाय झाली होती. त्यामुळे शिक्षक व सत्र यांतील भेदांचा प्रभाव पूर्णपणे वगळता येत नाही. तात्पर्य, विद्यार्थी टिकून राहतो हे येथे बऱ्याच अंशी सिद्ध होते, पण तो अधिक शिकतो हे तितके सिद्ध होत नाही.

पुराव्यांच्या मर्यादा :

हॅने व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. गुणवत्तेवरील अनुकूल परिणाम त्यांना अल्प आढळला. काम लवकर पूर्ण होते, परंतु एकूण श्रम वाढतात, असेही दिसून आले. अनुकूल निष्कर्षच अधिक प्रसिद्ध होत असावेत, अशी चिन्हेही त्यांना जाणवली. सालेह, मेंडेस व ग्रंडी यांनी २०११ मध्ये उच्च शिक्षणाशी संबंधित ७४ शोधनिबंधांचा आढावा घेतला. गृहपाठाच्या गुणांत सुधारणा होते आणि विद्यार्थी समाधानी असतात, असे त्यांनी नोंदविले. पद्धतीच्या परिणामकारकतेवर सर्वाधिक प्रभाव मात्र विद्यार्थ्यांच्या कौशल्यपातळीचा असतो, असे त्यांना आढळले.

कौशल्यातील हे अंतर प्रत्यक्षात कसे कार्य करते, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. दहा घटकांच्या अॅरेवर फिरणाऱ्या लूपची मोजणी शून्यापासून सुरू होते. अट ‘दहापेक्षा लहान’ अशी हवी असताना ‘दहा किंवा त्याहून लहान’ अशी लिहिली गेली, तर लूप अस्तित्वात नसलेल्या अकराव्या घटकाकडे जाते. दोघांची समज जवळपास सारखी असेल, तर या चुकीवर वाद होतो, कागदावर आकडे मांडले जातात आणि मोजणी शून्यापासून का होते हे दोघांनाही उमगते. एक जण बराच पुढे असेल, तर तो कळफलक ओढून घेतो, एक चिन्ह खोडतो व पुढे जातो. प्रोग्रॅम दोन्ही वेळा बिनचूक चालतो, गुण दोन्ही वेळा सारखेच पडतात. शिक्षण मात्र पहिल्याच प्रसंगी घडलेले असते. लुईस व शहा यांनी २०१५ मध्ये शालेय विद्यार्थ्यांच्या जोड्यांचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा काम लवकर संपविण्याची घाई हेच जोडीतील विषमतेचे एक मूळ असल्याचे त्यांना दिसून आले.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात :

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत संगणकांची संख्या अपुरी पडते, तेव्हा एका संगणकावर दोन विद्यार्थी बसविले जातात. या तडजोडीला जोडी-प्रोग्रॅमिंग म्हणणे योग्य नव्हे. तेथे भूमिका ठरलेल्या नसतात व बदलतही नाहीत. बहुधा एकच विद्यार्थी टंकलेखन करतो आणि दुसरा जर्नलमध्ये उतरवून घेतो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मात्र प्रत्येकाला एकट्यालाच संगणकासमोर बसावे लागते. वर्षभर दुसऱ्याच्या आधाराने पूर्ण झालेल्या जर्नलचे खरे मोल त्या दिवशी कळते, परंतु तोवर सुधारणेची वेळ निघून गेलेली असते.

ही पद्धत जाणीवपूर्वक राबवायची असल्यास काही पथ्ये पाळावी लागतील. जोड्या शक्यतो समान तयारीच्या विद्यार्थ्यांच्या असाव्यात व त्या काही आठवड्यांनी बदलाव्यात. भूमिकाबदल विद्यार्थ्यांच्या मर्जीवर न सोडता शिक्षकाने घड्याळ पाहून करावा. जोडीच्या प्रोग्रॅमला गुण देताना कोणत्याही एका विद्यार्थ्यास कोणत्याही ओळीचा अर्थ विचारावा. काही प्रात्यक्षिके प्रत्येकाने एकट्यानेच करावीत. या पथ्यांमुळे शिक्षकाचे काम वाढते. म्हणून वेळ किंवा यंत्रे वाचविण्याचा उपाय म्हणून या पद्धतीकडे पाहता येणार नाही.

निष्कर्ष :

जोडी-प्रोग्रॅमिंगचा सर्वांत भक्कम गुण हा की, ते नवशिक्याला एकटे पडू देत नाही. जेथे तिघांपैकी एक विद्यार्थी मागे राहतो, तेथे हा गुण लहान मानता येणार नाही. परंतु वर्गात टिकणे ही शिकण्याची पूर्वअट आहे, शिकण्याचा पुरावा नव्हे. जोडीच्या प्रोग्रॅमला दिलेला गुण दोघांच्याही नावे लिहिला जातो, तेव्हा त्यांपैकी कोणाला काय समजले हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. तो प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे विचारण्याची तयारी असेल, तरच ही पद्धत दुबळ्या विद्यार्थ्यास तारक ठरेल. अन्यथा त्याचे दुबळेपण झाकण्याचे ते एक सोयीस्कर साधन ठरण्याचा धोका आहे.