रात्रीची काचपट्टी

भंडारा जिल्ह्यात हत्तीरोगाचा रक्तनमुना घ्यायचा तो रात्री. माणसं जेवून आडवी झाली की पथक दार वाजवतं. बोटाला सुई, रक्ताचा जाड थेंब, काचपट्टी. झोपमोड झालेल्यांची कुरकुर ऐकून घ्यावीच लागते, कारण वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि क्युलेक्स डास चावायच्या वेळी कातडीजवळच्या रक्तात येतात. (हा डास गटाराचा, सेप्टिक टँकचा. तलावांच्या या जिल्ह्यात उगाच तलावांवर आळ नको.)

ही काचपट्टी सावकाश वाचावी. रंगवलेल्या थेंबात एक सैल, डौलदार वळणांची रेघ. आत जांभळ्या ठिपक्यांची ओळ. शेपटीच्या टोकाआधीच ठिपके संपतात. ते कोरं टोक ही या जातीची ओळख. ब्रुगिया मलायीची वळणं आखडलेली आणि शेपटीच्या टोकालाही ठिपके. पण खरी खुबी मला दुसरीकडेच दिसते: शेजारी पांढऱ्या पेशी आहेत आणि त्यांतली एकही रेघेवर तुटून पडलेली नाही.

पिल्लांचे आईबाप पुरुषांत बहुधा अंडकोशातल्या लसीकावाहिन्यांत मुक्काम करतात, तोही वर्षानुवर्षं. सोनोग्राफीत त्यांची वळवळ चक्क दिसते. प्रतिकारशक्तीला त्यांचा पत्ता नसतो असं नाही. पण इंटरल्युकिन-10 सारखी शमवणारी रसायनं वाढतात आणि तिची धार बोथट होते.

तिथून हाकेच्या अंतरावर, वृषणात, हीच प्रतिकारशक्ती आपणहून सबुरीनं वागते. शरीर आपलं-परकं ओळखायला बालपणीच शिकतं. शुक्राणू येतात वयात आल्यावर, म्हणजे तिच्या लेखी उपरेच. म्हणून सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट बिलगून आडभिंत उभारतात, आणि भोवतालच्या भक्षक पेशीही दमानं घेतात. नसबंदीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात. त्यानं तब्येत बिघडत नाही, पण भिंतीचं काम काय होतं ते कळतं. एक सबुरी घरची, दुसरी कृमीनं पदरात पाडून घेतलेली.

प्रतिकारशक्तीची ही बाजू काचपट्टीवर दिसत नाही. सेवाग्रामला डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी रक्तातल्या कृमीच्या खुणा आणि त्यांविरुद्धची प्रतिपिंडं शोधण्यात कित्येक वर्षं घालवली. डोळ्यांना न दिसणारा मजकूर वाचायचा तो हा मार्ग.

हत्तीरोगाच्या औषध मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या मिळतात. त्या घेतल्या की पिल्लं झपाट्यानं मरतात, इतके दिवस गप्प असलेली प्रतिकारशक्ती खवळते. ताप येतो, अंग ठणकतं, कधी अंडकोशात दुखरी गाठ येते. मग गावात बोललं जातं, गोळीनं माणूस आजारी पडला. शेजारच्या घरात ज्याच्या अंगात कृमी नव्हताच, त्याला त्याच गोळीनं सहसा काही होत नाही.