तुटक रेषेचा पुरावा

पायमॉलच्या पडद्यावर प्रथिनातील दोन अणूंमध्ये पिवळी तुटक रेषा उमटली की हायड्रोजन बंध सिद्ध झाला, असे आपल्याकडील शोधनिबंधांत सर्रास गृहीत धरले जाते. वस्तुतः फर्मी, पेरुत्झ प्रभृतींनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १.७४ अँगस्ट्रॉम विभेदनाच्या डीऑक्सिहिमोग्लोबिनच्या रचनेतही हायड्रोजन अणू प्रत्यक्ष दिसत नाहीत. रेषा हे अंतरावरून केलेले अनुमान असते. अ‍ॅस्पराजिन व ग्लुटामिन यांच्याबाबत तर प्रश्न अधिक बिकट आहे. त्यांच्या टोकाचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन क्ष-किरणांनी मिळालेल्या घनता-नकाशात जवळजवळ सारखेच भासतात. त्यांची अदलाबदल झाली तर दाता ग्राही ठरतो, केवळ अंतर मोजणारी रेषा मात्र तशीच राहते! ‘रिड्यूस’सारख्या आज्ञावलीने हायड्रोजन जोडून ही दिशा पडताळता येते. परंतु चित्राखाली अंतराची मर्यादाही न नोंदवणाऱ्या लेखकांकडून ती अपेक्षा कशी करावी?