मेफ्लॉवरवरची चार मुले: एका वंशशोधाची उलटतपासणी

वंशावळ हाती आली की तिचा कागद कोणी आणि कशासाठी लिहिला, हे मी आधी पाहतो. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांनी लावलेली ही सवय. त्यांत पुत्रांच्या शाखा पसरत जातात आणि लेकी एका ओळीत संपतात.

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून प्लिमथला गेलेल्यांत मोर आडनावाची चार मुले होती, आईवडिलांविना. पहिल्या हिवाळ्यात तिघे गेली. रिचर्ड तेवढा जगला. ही निराधार पोरे असावीत, असे पुष्कळ काळ मानले जाई. विल्यम ब्रॅडफर्डने प्रवाशांच्या यादीत रिचर्डबरोबर त्याचा ‘भाऊ’ लिहिला आहे. पण इंग्लंडमधल्या श्रॉपशरातील शिप्टन गावच्या चर्चवहीत बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत: एलिनॉर १६१२, जॅस्पर १६१३, रिचर्ड १६१४, मेरी १६१६. जॅस्परला यादीत दुसरे घर दिलेले आहे. म्हणजे ब्रॅडफर्डचा हा ‘भाऊ’ चार वर्षांची मेरी होती!

१९६० साली अँथनी वॅग्नर यांनी सॅम्युएल मोरचे १६२२चे निवेदन प्रसिद्ध केले आणि मुलांचे घर कळले. सॅम्युएलचे लग्न त्याच्याहून मोठ्या चुलतघराण्यातल्या कॅथरीनशी झाले होते. जमिनी एकत्र राहाव्यात हा त्यातला हिशेब उघड दिसतो. मुलांचे चेहरे जेकब ब्लेकवेसारखे आहेत, म्हणून ती माझी नव्हेत, असे तो म्हणतो. मुले एका कुळाच्या घरी ठेवली होती. तिथे येऊन कॅथरीनने त्यांच्या अंगावरचे कपडे फाडले, असेही तो लिहितो. अभ्यासक हे वाक्य तिच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वापरतात. मला ते पटत नाही. हे निवेदन तटस्थ नोंद नव्हे. मुलांचे काय झाले म्हणून कॅथरीन न्यायदरबारी गेली, त्याला दिलेले ते उत्तर आहे. प्रतिवादीची कैफियत आपण निकालपत्रासारखी वाचतो आहोत. मुले हिरावल्यावर आलेल्या आईचा आकांत विरुद्ध पक्षाच्या लेखणीतून असाच दिसणार. ती तक्रार घेऊन आली, तोवर चारांपैकी तिघे मेलेली होती.

पुढे वॅग्नर यांनीच रिचर्डची रेषा स्कॉटलंडच्या राजघराण्यापर्यंत नेली, आणि ती कॅथरीनकडून. बाप सॅम्युएल की ब्लेकवे, या वादाचा तिला धक्का लागत नाही. वंशजांना राजरक्त मिळाले ते बदनाम ठरवलेल्या आईमुळे. तिच्याबद्दल मात्र ते सॅम्युएलचाच कागद वाचतात.

सेलमच्या चार्टर स्ट्रीट दफनभूमीत रिचर्डचा दगड आहे. त्यावर वय ८४ कोरले आहे. मृत्यूचे साल आणि मेफ्लॉवरचा उल्लेख नंतर जोडला, साल १६९२. शिप्टनच्या वहीप्रमाणे तेव्हा तो ७७-७८ वर्षांचा होता.