डबल जास्वंद आणि एक देखणा पेपर

कोएन आणि मायरोविट्झ यांचा १९९१चा ‘नेचर’मधला पेपर वाचताना शेजारी एक डबल जास्वंद ठेवा. आमच्या सक्करदऱ्यात ती कुणाच्याही कुंडीत मिळेल. डबल फुलात पुंकेसरांच्या पाकळ्या होतात, हे गटेनं १७९०मध्येच लिहिलं होतं. पेपर कारण सांगतो: सी गटाचं जनुक बंद पडलं की ए गट आतपर्यंत पसरतो. मांडणी इतकी देखणी, की प्रश्न विचारायचंच राहून जातं. पण हे सगळं अ‍ॅराबिडॉप्सिस आणि डॉग फ्लॉवरवर उभं आहे. जास्वंदीत पाकळीच्या कडेलाच परागकोश चिकटलेला दिसतो. हिला कोणत्या चौकोनात बसवाल? मी तर सेमिनारला फूल न उघडताच चौकोन काढून मोकळा झालो होतो. ब्लेड आणि भिंग पुरतं हो.