‘नजरचूक’ या शब्दाची तपासणी

१६ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेतील ‘मेजर लीग बेसबॉल’ या संस्थेने एक निवेदन प्रसिद्ध केले. १९२० ते १९४८ या काळात काळ्या खेळाडूंच्या ज्या सात लीग होऊन गेल्या, त्यांना आता ‘मेजर लीग’चा दर्जा देण्यात येत आहे, खेळाच्या इतिहासातील एक फार जुनी नजरचूक दुरुस्त होत आहे, असा त्याचा आशय. मे २०२४ मध्ये या लीगमधील दोन हजार तीनशेहून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदवहीत समाविष्ट झाले. तोवर कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मान टाय कॉबकडे होता. तो आता जॉश गिब्सनकडे आला. हजारी ३६७ च्या वर हजारी ३७२. वर्तमानपत्रांनी कौतुक केले, आणि ते अगदीच अस्थानी नव्हते.

मी बेसबॉलचा जाणकार नाही. हा खेळ मी मैदानावर कधी पाहिलेला नाही. काळ्यांचे साहित्य वाचता वाचता त्याच्यापर्यंत पोचलो. परंतु एखाद्या व्यवस्थेने स्वतःविषयी काढलेले निवेदन हेही वाङ्मयच असते, आणि ते शब्दाशब्दाने तपासता येते. माझा आक्षेप त्यातल्या एकाच शब्दाला आहे: नजरचूक. दिसायला हवे होते ते दिसले नाही, म्हणजे नजरचूक. येथे काय दिसले नव्हते?

१८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा खेळाडू टोलेडोच्या संघातून सर्वोच्च दर्जाच्या लीगमध्ये खेळला होता. तो दिसत होता. १४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे काळ्या खेळाडूंशी करार करायचे नाहीत असे ठरविले. सभा भरवून, मते घेऊन केलेली नजरचूक! पुढे वरच्या लीगांनी असा ठराव कागदावर आणण्याचीही तसदी घेतली नाही. सभ्य गृहस्थांमध्ये काही गोष्टी न लिहिता पाळल्या जातात. १९२० च्या नोव्हेंबरात केनेसॉ माउंटन लँडिस हे न्यायाधीश बेसबॉलचे पहिले आयुक्त नेमले गेले. १९४४ मध्ये मरेपर्यंत ते त्या पदावर होते, आणि त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत एकही काळा खेळाडू मेजर लीगच्या मैदानात उतरला नाही. तरी १९४२ मध्ये ते जाहीरपणे म्हणाले, की काळ्यांना मज्जाव करणारा लेखी वा अलिखित असा कोणताही नियम नाही. आपल्याला हा युक्तिवाद ओळखीचा आहे. गावात कोणी कोणाला अडवीत नाही. फक्त त्या विहिरीवर कोणी जात नाही, इतकेच.

आणि १९०१ चे ते प्रकरण. बाल्टिमोरचा व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ आर्कान्सामधील हॉट स्प्रिंग्ज येथे मुक्कामाला होता. तेथील हॉटेलात चार्ली ग्रँट हा काळा तरुण पोऱ्याचे काम करी. तो काळ्यांच्या कोलंबिया जायंट्स संघाचा नामांकित खेळाडू. त्याचा खेळ मॅकग्रॉच्या डोळ्यांत भरला. त्याने युक्ती काढली: ग्रँटचा वर्ण उजळ आणि केस सरळ आहेत, तेव्हा तो चेरोकी आदिवासी आहे असे सांगायचे. नावही ठरले, ‘चीफ टोकोहामा’. शिकागोत ग्रँटला ओळखणारे पुष्कळ. बिंग फुटले आणि तो मेजर लीगचा एकही सामना खेळू शकला नाही. शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव बदलणारी माणसे आपण पाहिली आहेत, क्वचित आपल्याच घरात. त्यामुळे या गोष्टीला हसू येत नाही. पण माझ्या मुद्द्यासाठी ती मोलाची आहे. ज्याला दिसतच नाही तो सोंग कशाला रचील? मॅकग्रॉला खेळ दिसत होता, रंग दिसत होता, आणि रंग झाकल्यावाचून खेळ घेता येणार नाही हेही दिसत होते.

आता १९२० च्या हंगामाकडे येऊ. तोवरची नोंदवही सांगते, की त्या वर्षी दोन लीग होत्या, प्रत्येकीत आठ संघ, प्रत्येक संघाचे १५४ सामने. न्यूयॉर्कच्या बेब रूथने ५४ होमरन मारले. आणि सप्टेंबरात मोठा स्फोट झाला. शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी आदल्या वर्षीची वर्ल्ड सिरीज जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन हरल्याचे उघड झाले. आठ खेळाडूंवर आरोप ठेवले गेले, खटला चालला. १९२१ च्या ऑगस्टमध्ये ज्यूरीने खटल्यातील खेळाडूंना निर्दोष ठरविले, पण लँडिसने आठहीजणांना कायमचे बाहेर काढले.

या प्रकरणाला जगाने नाव दिले ‘ब्लॅक सॉक्स’. आठही खेळाडू गोरे. त्यांना विकत घेणारे गोरे, मालक गोरा, आयुक्त गोरा. काळे काही असेल तर तेवढे नाव. गोऱ्यांच्या पापालाही काळा रंग पुरवावा लागतो, ही त्या भाषेची सवय आहे. आपल्याही भाषेत ‘तोंड काळे करणे’ आहेच. हे नाव शंभर वर्षे पुस्तकांतून, चित्रपटांतून रूढ आहे, आणि त्यावर अडखळलेला वाचक मला क्वचितच भेटला.

त्याच शिकागोत, व्हाइट सॉक्सच्या मैदानापासून जेमतेम अर्ध्या मैलावर, त्याच उन्हाळ्यात दुसरा हंगाम चालू होता. एकोणचाळिसाव्या रस्त्यावरचे ते लाकडी मैदान पूर्वी व्हाइट सॉक्सचेच. १९१० मध्ये त्यांनी नवे मैदान बांधले आणि जुने टाकले. १९११ पासून तेथे रूब फोस्टरचा शिकागो अमेरिकन जायंट्स हा काळ्यांचा संघ खेळू लागला. वाड्यावरचे उतरलेले कपडे अंगावर घालून शाळेत गेलेल्यांना या मैदानाचा इतिहास समजावून सांगण्याची गरज नाही. जुलै १९१९ मध्ये याच भागात वांशिक दंगल पेटली होती. ३८ माणसे मेली, त्यांतली २३ काळी. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १३ फेब्रुवारी १९२० रोजी, कॅन्सस सिटीतील काळ्यांच्या वायएमसीएमध्ये फोस्टरने संघमालकांना एकत्र बसविले आणि नीग्रो नॅशनल लीग उभी केली. आठ संघ. २ मे रोजी इंडियानापोलिसला पहिला सामना झाला, आणि हंगामाअखेर अजिंक्यपद फोस्टरच्याच संघाने मिळविले.

फोस्टर संत नव्हता. तो लीगचा अध्यक्ष, एका संघाचा मालक आणि सामने ठरविणाराही होता. प्रत्येक सामन्याच्या उत्पन्नातून पाच टक्के त्याच्याकडे जात. इतर मालक कुरकुरत, आणि त्यांचे सगळेच खोटे नसावे. तो व्यापारी होता. पण सामने ठरविणारे दलाल गोरे, मैदानाचे मालक गोरे, खेळणारे आणि पाहणारे काळे, असा जो धंदा होता, तो आपल्या लोकांच्या हाती यावा एवढी त्याची बुद्धी स्वच्छ होती.

हा हंगाम ‘मेजर’ नाही असे कोणी ठरविले? १९६९ साली मेजर लीगच्या एका विशेष समितीने इतिहासातील कोणत्या लीग मेजर मानायच्या याची यादी केली. सहा नावे निवडली. त्यांत युनियन असोसिएशन आहे: १८८४ चा एकच हंगाम चालली आणि बुडाली. फेडरल लीग आहे: १९१४ आणि १९१५, दोन हंगाम. काळ्यांच्या लीगचा विचारसुद्धा झाला नाही. पुढे जी कारणे देण्यात आली ती अशी, की त्यांचे वेळापत्रक अनियमित होते, सामने कमी-जास्त होत, आकडे अपुरे आहेत. खरे आहे. १९२० मध्ये शिकागो जायंट्स आणि क्यूबन स्टार्स यांना स्वतःचे मैदानच नव्हते, ते हंगामभर फिरतीवर असत. इंडियानापोलिसचा संघ गोऱ्या संघाच्या मैदानावर खेळे, म्हणजे गोरे गावाबाहेर असतील तेव्हा. आधी मैदान द्यायचे नाही आणि मग वेळापत्रक विस्कळीत म्हणून नापास करायचे! गुणवत्तेच्या चर्चेत ही पद्धत आपण आजही सोसतो.

जे आकडे आज हाती आहेत ते ‘शिकागो डिफेंडर’सारख्या काळ्यांच्या वृत्तपत्रांनी जपले म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० चे, फोस्टरच्या सभेच्या तेरा दिवस आधीचे. हा योगायोग आहे, आणि मी त्याला योगायोगच म्हणेन.

दोन पुस्तकांविषयी लिहिले पाहिजे. लॉरेन्स रिटर यांचे ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ १९६६ चे. टेपरेकॉर्डर घेऊन ते हजारो मैल हिंडले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या म्हाताऱ्या खेळाडूंना बोलते केले. पुस्तक विलक्षण जिवंत आहे, ते मी दोनदा वाचले. त्यात काहुइला जमातीचा जॉन मायर्स आहे, ज्याला सगळे ‘चीफ’ म्हणत. आपल्याच देशात आपण परके होतो असे तो सांगतो, तेव्हा पुस्तक क्षणभर उघडते. पण एवढ्या आवाजांत एकही काळा आवाज नाही. १९६६ मध्ये त्या पिढीचे काळे खेळाडू हयात होते. त्यांच्या दारापर्यंत टेपरेकॉर्डर गेला नाही. रिटर दुष्ट नव्हते. ‘त्यांचा काळ’ म्हणजे कोणाचा, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. चार वर्षांनी रॉबर्ट पीटरसन यांचे ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ आले. कलादृष्ट्या ते रिटरइतके बांधीव नाही. पण जुनी वृत्तपत्रे उपसून, माणसे गाठून पीटरसननी जे उभे केले, त्याच्या आधारावर पुढचे सगळे संशोधन झाले. १९७१ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिराने सॅचेल पेजला घेताना आधी काळ्यांसाठी वेगळे दालन योजले होते. वेगळी पंगत! ओरड झाल्यावर ते मागे घेतले.

मग आता दर्जा मिळाला त्याचे काय? तो नाकारावा असे मी म्हणत नाही. आमच्या घरात दाखला नावाचा पहिला कागद माझा आला. आई तो उलटा धरून पाहत होती. ज्यांच्या आजोबांचे नाव शंभर वर्षांनी नोंदवहीत आले, त्यांच्या आनंदावर ज्ञान पाजळण्याचा अधिकार मला नाही. पण दाखला देणाऱ्याने स्वतःविषयी काय लिहिले ते वाचण्याचा आहे. त्याने उंबरठा १९२० ला घातला, कारण तेव्हापासून काळ्यांच्या संघटनेचा आकार गोऱ्यांच्या लीगसारखा दिसू लागला. त्याआधीचे बाहेर. गावोगाव फिरून खेळलेले सामने, ज्यांवर त्या खेळाडूंची चूल पेटे, तेही बाहेर. मोजपट्टी जुनीच राहिली. फोस्टर स्वतः थोर पिचर होता, पण ते सारे १९२० च्या आधीचे. लीग घडविणाऱ्याची गोलंदाजी त्या लीगच्या नोंदवहीत नाही.

आपल्याकडे पळवणकर बाळूंना ‘भारताचे जॅकी रॉबिन्सन’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. १९४७ मध्ये रॉबिन्सनसाठी बंद दार उघडले. बाळू आत होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंना त्यांची गोलंदाजी चालत होती, कप्तानी चालत नव्हती. १९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी अन्यायाच्या निषेधार्थ संघातून माघार घेतली, आणि १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले. अमेरिकेत स्पर्श टाळला, येथे मान टाळला. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्यांचे डोळे शाबूत होते.

‘टोकोहामा’ची गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आता नोंदवहीत त्याची सरासरी किती?” मी सांगितले, त्या नावाने एकही खेळी नाही. “आणि खऱ्या नावाने?” चार्ली ग्रँट १९२० च्या आधीच खेळ सोडून गेला होता. त्याही नावाने नाही.